भिंतीवरचा मधला पट्टा

बाबांच्या शर्टांना आई नीळ जास्त घालायला लागली, तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं. आम्ही ते हसण्यावारी नेलं.

"तुझे कपडे पिवळट राहतात," बाबा म्हणायचे. धुण्यावरून कुणी नाव ठेवलेलं आईला खपायचं नाही. तिने बादलीत निळीचे दोन थेंब वाढवले, मग चार. दोन महिन्यांनी दोरीवरचे पांढरे शर्ट चांगलेच आकाशी दिसायला लागले आणि शेजारच्या काकू विचारायला आल्या, "कारखान्यात नवीन ड्रेस दिला का हो?" बाबांनी मात्र त्यातलाच एक शर्ट खिडकीत नेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "हं, आता झाला पांढरा."

दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी असं म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. माझ्या बाबांचं पोट रंग ओळखण्यावर होतं. उल्हासनगरमधल्या एका डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, ते रंग जुळवायचे. गिऱ्हाईक बोटभर चिंधी आणून देई आणि तागेच्या तागे हुबेहूब त्या चिंधीसारखे रंगवायचे असत. कापड हौदातून निघालं की त्याचा तुकडा बाबांच्या टेबलावर यायचा. ते टेबल उत्तरेकडच्या खिडकीपाशी होतं, कारण तिथे थेट ऊन येत नाही आणि उजेड एकसारखा राहतो. सकाळी दहा ते दुपारी तीन एवढ्याच वेळात बाबा निकाल द्यायचे. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याला ते माणसात धरत नसत.

शिक्षण त्यांचं सातवी. एकोणिसाव्या वर्षी लागले ते हौदातलं कापड काठीने ढवळायला. पोटऱ्यांपर्यंत रंगलेले पाय घेऊन घरी यायचे, असं आई सांगायची. एकदा हौदापाशी उभं राहूनच त्यांनी तेव्हा खिडकीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या रंगमास्तरांना ओरडून सांगितलं, की कापड हिरवट चाललंय. ते खरं निघालं, आणि शेठने त्यांना हौदावरून उचलून खिडकीपाशी बसवलं. आमच्या नात्यात कुणी फिटर, कुणी शिपाई, एक-दोघं शिकून कारकून झालेले. विहारात बाबांची ओळख करून देताना लोक म्हणायचे, "यांची डिग्री यांच्या डोळ्यात आहे." बाबा हात झटकून ते उडवून लावायचे, पण त्या दिवशी घरी येताना हमखास भजी आणायचे.

माझेही डोळे त्यांनीच तयार केले. तेव्हा आम्ही अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर भाड्याच्या खोलीत राहायचो. रविवारी ते चिंध्यांची पिशवी उपडी करायचे आणि दोन-दोन चिंध्या माझ्यासमोर ठेवायचे. "यातली तांबूस कुठली? हिरवट कुठली?" चुकलं की टपली, बरोबर आलं की शेंगदाण्याचा लाडू. लाडवाच्या आशेने मी इतकी तरबेज झाले, की वाण्याकडच्या दोन गोण्यांतल्या तुरीच्या डाळीचा रंगही मला वेगळा दिसायला लागला. बारावीनंतर मी कापड रंगवण्याचा डिप्लोमा करायचा आणि पुढेमागे खिडकीपाशी बसायचं, हे बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझी ना नव्हती. उलट मैत्रिणींना मी ते मिरवत सांगायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. आम्ही बदलापूरला, खरवईच्या बाजूला, दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात राहायला गेलो. आणि शेठच्या मुलाने कारखान्यात एक डिग्रीवाला आणला. रंग मोजायचं मशीनही येणार, अशी बोलवा होती.

शेठ माणूस वाईट नव्हता. त्याने बाबांना बोलावून सरळ सांगितलं. बाबांनी घरी येऊन ते जसंच्या तसं आम्हाला ऐकवलं.

"देखो मास्टर, बुरा मत मानना. छोकरा सुनता नहीं है. अभी स्कूल का ग्रे कपड़ा आ रहा है. सैंपल उनके पास है नहीं, बोलते हैं एकदम साफ ग्रे चाहिए. ये लॉट तुम निकालो. बराबर निकला तो खिड़की तुम्हारी, छोकरे को मैं संभाल लूँगा, साईं."

"आणि नाही निकला तर?" आईने विचारलं.

बाबा ताटातली भाकरी मोडत राहिले.

साफ ग्रे, म्हणजे निव्वळ राखाडी. त्यात निळसर नको, तांबूस नको, हिरवट नको. बाबा म्हणायचे, लाल थोडा फिका गेला तर गुलाबी म्हणून खपवता येतो, पण राखाडीत एखादी छटा केसाएवढी वर आली तरी ती लपत नाही. समोर नमुना नसताना निव्वळ राखाडी काढणारा माणूस म्हणून बाबांचं उल्हासनगरात नाव होतं. आता त्याच कामावर त्यांची खिडकी टांगणीला लागली होती.

त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की नव्या घराची बाहेरची खोली राखाडी रंगवायची.

बिल्डरने भिंतींना नुसता चुना मारून दिला होता. आईने सहा महिन्यांपासून आकाशी रंगाचं मनात धरलं होतं. तिच्या बहिणीकडे तो तसाच होता आणि त्या बहिणीपेक्षा आपण कमी नाही, हे तिला दाखवायचं होतं.

"राखाडी? नव्या घरात भिंतीला राख फासायची? लोक विचारतील, घरात कोण गेलं म्हणून!"

"डोळ्याला शांत वाटतं," बाबा म्हणाले. "कारखान्यात माझ्या खिडकीच्या बाजूची भिंत राखाडीच आहे. आजूबाजूला दुसरा रंग असला की डोळा फसतो."

"घरी कसला रंग बघायचाय तुम्हाला? माझं तोंड?"

दोन दिवस भांडण चाललं. शेवटी बाहेरची खोली बाबांची आणि स्वयंपाकघर आईचं, अशी वाटणी झाली. मला तेव्हा बाबांचा हट्ट नुसता हट्टच वाटला.

त्या रविवारी बाबांनी पांढरं डिस्टेंपर आणि त्यात मिसळायच्या रंगांच्या चार छोट्या बाटल्या आणल्या. आईच्या स्टीलच्या वाट्या घेतल्या, त्यावरून आणखी थोडं वाजलं. काळा घातला, कणभर निळा, कणभर पिवळा, कणभर लाल, असं करत त्यांनी तीन वाट्यांत तीन राखाडी केले. ज्या भिंतीला लोखंडी कपाट लागायचं होतं, तिथे त्यांनी हातभर लांबीचे तीन पट्टे शेजारी शेजारी ओढले. ओले असताना तिन्ही सारखेच दिसत होते.

"वाळेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी अकरा वाजता बघू."

मी ते मंगळवारीच बघितलं. पहिला पट्टा हिरवट, पावसाळ्यात हौदाची कड होते तसा. तिसरा स्वच्छ, त्यात कसलीही छटा नाही. आणि मधल्यात वांग्याच्या सालीची झाक. मला त्यात शंका घ्यायला जागाच दिसेना. शेजारच्या काकू दूध मागायला आल्या, त्याही जाता जाता म्हणाल्या, "मधला जांभळा का काढलाय?"

बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन पट्ट्यांसमोर उभे राहायचे. गुरुवारी मी पाहिलं, त्यांनी मधल्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. शुक्रवारी पुन्हा तेच. तिसऱ्याकडे बघताना मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडत होती, पिवळट शर्टाकडे बघताना पडायची तशीच. त्या क्षणी मला दोरीवरचे आकाशी शर्ट आठवले. मी ते सांगायला आईकडे गेले. ती मिरच्या निवडत होती. मी तिच्या शेजारी बसून मिरच्या निवडल्या आणि उठले.

रविवारी अकराला बाबांनी आम्हा दोघींना बोलावलं. खिडकी पूर्ण उघडली. दाराचा पडदा काढून ठेवला, कारण तो भगवट होता.

"मला मधला निव्वळ वाटतो," बाबा म्हणाले.

"मधला?" आई म्हणाली. "अहो, तो तर वांगी दिसतोय."

"तुला काय कळतं त्यातलं? शर्ट पांढरे ठेवता येत नाहीत तुला!"

आईचा चेहरा पडला. ती आत गेली आणि भांडी घासायला बसली. इतक्या जोरात, की घासलेली भांडी पुन्हा घासत असावी. बाबा माझ्याकडे वळले.

"तू सांग."

ते ओरडले नाहीत. उलट आवाज खाली आला होता. चिंध्यांच्या वेळी ते याच आवाजात विचारायचे, म्हणून मला वाटलं, ही परीक्षाच आहे. त्यांनी उत्तर आधीच ठरवलंय आणि माझं त्याच्याशी जुळतं का, एवढंच बघतायत. तिसरा म्हणाले तर त्याचा अर्थ एकच होता, की बाबा, तुमचे डोळे गेले. शाळेचं कापड आठ दिवसांवर आलं होतं.

बसच्या कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडणारी मुलगी मी. गणिताच्या सरांना त्यांची चूक वर्गात फळ्यावर दाखवलेली. त्या सकाळी मात्र मी भ्याले. त्याला दुसरा शब्द नाही.

"मधलाच," मी म्हणाले.

"नीट बघ."

"बघितलं बाबा. मधलाच."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मी वळून पाहिलं तर आई दारात उभी होती, हाताला राख लागलेली, आणि माझ्याकडे बघत होती.

पुढच्या चार संध्याकाळी कामावरून आल्यावर बाबांनी स्वतः ती खोली रंगवली, दोन हात देऊन. कपाटामागची जागा तेवढी सोडली. तिथं कोण बघतंय, असं म्हणून तीन पट्टे तसेच ठेवले आणि त्यावर कपाट लावलं. खोली संध्याकाळी बरी दिसायची. दिवसा मला तिच्यात बसवत नसे.

मी स्वतःची समजूत घातली, की भिंतच तर आहे. कामावर ते चिंधी आणि कापड शेजारी ठेवून बघतात. दोन रंग शेजारी असले की त्यांना फरक अजून अचूक कळत होता, हे मला माहीत होतं. घोटाळा व्हायचा तो शेजारी ठेवायला दुसरं काही नसेल तेव्हा. मग सोमवारी सकाळी त्यांनी पिशवीत डब्याशेजारी एक पुठ्ठा ठेवला. जुन्या कॅलेंडरचा, आणि त्यावर आमच्या भिंतीचा राखाडी फासलेला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"शाळेचं कापड आलंय ना. नमुना नाही, मग हाच नमुना. याच्या शेजारी ठेवून बघायचं, बस." ते चपला घालत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. "आता भीती नाही."

एका चपलेचा अंगठा तुटायला आला होता. तो सावरेपर्यंत ते वाकून बसले होते आणि त्यांची पिशवी माझ्या हातात होती. माझ्याकडे तेवढा वेळ होता. पुठ्ठा काढून घेता आला असता. "बाबा, थांबा" एवढे दोन शब्द पुरले असते. मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि ते गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज संध्याकाळी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून मी अंदाज बांधायची. पहिल्या आठवड्यात ते खूश होते. लॉट निघाला, शेठने पाठ थोपटली, कापड शाळेत गेलं. मीच उगाच घाबरले, असं मला वाटायला लागलं. खोटं पचलं म्हणून मी चक्क दोन घास जास्त जेवले.

मग एका बुधवारी बाबा दुपारी साडेबाराला घरी आले. कामाच्या दिवशी या वेळी ते कधीच घरी आले नव्हते. शाळेने काही स्कर्ट आधी शिवून घेतले होते. मैदानात उन्हात मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि अख्खी रांग वांगी दिसली. बाईंनी कापड परत पाठवलं. डिग्रीवाल्याने ते कारखान्याच्या दारात सगळ्यांसमोर पसरून दाखवलं होतं.

बाबांनी हे सगळं खाली बघत सांगितलं. मग पिशवीतून तो पुठ्ठा काढला, भिंतीपाशी गेले, पुठ्ठा भिंतीला लावून धरला आणि मला हाक मारली.

"इकडे ये. परत एकदा बघ. यात तुला काही छटा दिसते?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती बाबांकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. आता खरं बोलले तर आधीचं खोटं उघडं पडणार होतं आणि आज जे झालं ते माझ्यामुळे झालं, हे मला तोंडाने कबूल करावं लागणार होतं. माझी जीभ उचलेना. आणि उचलली तेव्हा म्हणाली, "नाही बाबा. स्वच्छ आहे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मलाही स्वच्छच दिसतो," ते म्हणाले. पुठ्ठा घडी करून खिशात ठेवला आणि आईला म्हणाले, "जेवायला वाढ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून शेठला जाऊन सांगितलं, की मला रंग कळत नाहीत, खिडकी दुसऱ्याला द्या. शेठने त्यांना घरी पाठवलं नाही. घडीखात्यात टाकलं, तयार कापड मोजायचं, घड्या घालायच्या, शिक्का मारायचा. तो लॉट काळा रंगवून परकराच्या कापडात गेला. चुकलेल्या कापडाला शेवटी काळ्याशिवाय वाट नसते. डोळ्याच्या डॉक्टरकडे जायला बाबा तयार झाले नाहीत. पन्नाशी जवळ आली, आता काय बघायचंय, म्हणाले.

माझा बारावीचा निकाल लागला. डिप्लोमाचा फॉर्म बाबांनी आधीच आणून कपाटात ठेवला होता. मी तो मागितला तर म्हणाले, "फाडून टाकला. तू बँकेच्या नाहीतर रेल्वेच्या परीक्षा दे. रंगात काही ठेवलं नाही."

मला वाटलं, त्यांना कळलंय आणि ही शिक्षा आहे. शिक्षा मिळाल्याचं एका परीने बरंही वाटलं, आणि तोंडावर बोलत नाहीत म्हणून रागही आला. तो राग मी वर्षानुवर्षं पाळला. कल्याणला एका ऑफिसात कारकुनी धरली आणि दिवसभर पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं उमटवत राहिले. चिंध्यांची पिशवी आईने कधी काढून टाकली, मला कळलं नाही.

आईशीही या विषयावर एकदाच बोलणं झालं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "तू तेव्हा बोलायला हवं होतंस." मी फणकाऱ्याने मान वर केली, तर ती खालीच बघत होती. "मीसुद्धा दुसऱ्यांदा कुठे बोलले," ती म्हणाली, आणि खडा उचलून बाजूला टाकला.

सात वर्षं गेली. बाबा दाराच्या चौकटीला धडकायला लागले, चहा बशीच्या बाहेर ओतायला लागले, तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढत उल्हासनगरच्या डॉक्टरकडे नेलं. आईही बरोबर होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा पार पिकलेला.

"हा फार जुना आहे," डॉक्टर म्हणाले. "पिवळा पडलाय. असा डोळा निळा रंग नीट बघतच नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

आईने पदर तोंडाला लावला. मला बादलीतली नीळ आठवली, तिलाही तीच आठवली असणार.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काळा चष्मा लावून आम्ही त्यांना घरी आणलं. सकाळचे अकरा वाजून गेले होते. उंबरठ्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिथंच थांबले.

"हे काय? ही भिंत वांगी आहे!"

"सात वर्षं वांगीच आहे," आई म्हणाली.

बाबा भिंतीजवळ गेले. एका हाताने डावा डोळा झाकला, उघडला, पुन्हा झाकला. मग म्हणाले, "कपाट सरकवा."

आई आणि मी मिळून कपाट ओढलं. मागे जळमटं होती, एक हरवलेली कंगवी होती, आणि ते तीन पट्टे होते. बाबांनी फार वेळ घेतला नाही. त्यांचं बोट सरळ तिसऱ्यावर गेलं.

"हा. हा निव्वळ." मग ते माझ्याकडे वळले. आवाज पुन्हा तसाच खाली आला होता. "तुला तेव्हा हा दिसला होता?"

आता पळायला जागा नव्हती, आणि खरं सांगते, पळायची इच्छाही उरली नव्हती.

"दिसला होता."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा, बाबा."

ते खाटेवर बसले. पंचवीस वर्षांची होत आले होते मी, तरी मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरंच वाटलं असतं. बाबांनी तोंड वर केलं तेव्हा ते हसत होते.

"म्हणजे तुझा डोळा चांगला आहे," ते म्हणाले. "अगं, ऐकलंस का? पोरीचा डोळा चांगला आहे!"

मी बघतच राहिले.

"मला वाटलं, माझाच डोळा तुझ्यात उतरलाय. दोघांनाही मधलाच स्वच्छ दिसतो म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? म्हणून फाडला तो फॉर्म. म्हटलं, उद्या ही खिडकीपाशी बसेल आणि हिचंही कापड कुणी असंच भर दारात पसरेल." ते हसता हसता थांबले. "मग बोलली का नाहीस?"

"तुमचे डोळे गेले, हे तुम्हाला कसं सांगणार होते मी?"

"ते मला कळलंच होतं गं. महिनाभर मनात घेऊन फिरत होतो. कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून तर भिंत रंगवायला काढली. वाटलं, एक तरी रंग खरा सापडला, तर त्याला धरून चालता येईल." त्यांचा चांगला डोळा भरून आला. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून ते छताकडे बघायला लागले. "मी तुझी परीक्षा घेत नव्हतो. मी तुला विचारत होतो."

मी रडले. मला कुठल्या डॉक्टरने मना केलं नव्हतं. आईने मला जवळ घेतलं नाही, पाणी आणून दिलं, आणि मग स्वतःच खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसून डोळे पुसले.

महिन्याभराने डॉक्टरांनी परवानगी दिली, तशी बाबांनी पुन्हा डिस्टेंपर आणलं. "आता तरी आकाशी करा," आई म्हणाली, पण वाट्या मात्र तिने स्वतःहून काढून दिल्या. नव्या जाड चष्म्यातून बघत, बाटल्यांतला एकेक थेंब मोजत बाबांनी तीन राखाडी कालवले आणि जुन्या पट्ट्यांच्या खाली तीन नवे पट्टे ओढले. पुन्हा आठवडाभर कुणी काही बोललं नाही.

रविवारी अकराला त्यांनी खिडकी उघडली, पडदा काढला आणि मला पुढे उभं केलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उत्सुक होता.

"सांग."

मी पाहिलं. नव्या डोळ्याला निळा आता जरा जास्तच दिसत असणार, त्यात पुन्हा वांगी होईल ही धास्ती, म्हणून त्यांनी पिवळा सढळ हाताने घातला होता. तिन्हीत हळदीचा हात लागल्यासारखी झाक होती. स्वयंपाकघरात आईची पळी कढईत थांबली.

"तिन्ही पिवळट आहेत, बाबा."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तिन्ही?"

"तिन्ही."

मग वाकून त्यांनी पांढऱ्या डिस्टेंपरची वाटी उचलली, माझ्या हातात दिली, आणि खिडकीपाशी मला जागा करून देत बाजूला सरकले.

"मग तू कालव," ते म्हणाले.